लहानपणीचा ‘ज्युरासिक पार्क’ आणि मोठेपणी वाचलेलं पुस्तक : तुमचे अनुभव सांगा

१९९४ सालची गोष्ट. मी नऊ वर्षांचा होतो. काकाने मला ठाण्यातल्या टॉकीजमध्ये हिंदीत डब केलेला ‘ज्युरासिक पार्क’ दाखवला. गाडीत ठेवलेल्या पेल्यातलं पाणी थरथरायला लागलं आणि मी काकाचा हात असा धरला, की नखांचे वळ त्याने घरी येऊन आजीला दाखवले. परतताना तलावपाळीवर थांबलो होतो. मासुंदा तलावाच्या पाण्यावर जरा तरंग उठला, की मला कुणाचं तरी पाऊल पडल्यासारखं वाटायचं.

गेल्या महिन्यात लेकीला सिनेमा दाखवला आणि मग मायकल क्रायटन यांची मूळ कादंबरी (१९९०) पहिल्यांदाच वाचली. तिथे भेटलेला म्हातारा वेगळाच निघाला.

हा म्हातारा म्हणजे जॉन हॅमंड, डासाच्या पोटातल्या रक्तातून डायनासोर पुन्हा जन्माला घालून बेटावर पार्क उभारणारा मालक. सिनेमात तो रिचर्ड अ‍ॅटनबरो यांनी केलाय, ‘गांधी’चे दिग्दर्शक. पांढरे कपडे, हातात काठी, काठीच्या मुठीत राळेचा पिवळा खडा आणि त्यात अडकलेला डास. सगळं हाताबाहेर गेल्यावर हे आजोबा वितळणारं आइस्क्रीम खात बसतात, तरुणपणच्या पिसवांच्या सर्कशीची गोष्ट सांगतात आणि आपला जीव कळवळतो. स्टीव्हन स्पीलबर्ग त्यांना हेलिकॉप्टरमधून सुखरूप नेतात. पुस्तकातला हॅमंड मात्र शेवटपर्यंत खापर दुसऱ्यांवर फोडतो, माणसं मेली तरी पुढच्या पार्कचे बेत करत राहतो. नातवंडं कंट्रोल रूममध्ये चुकून स्पीकरवर टी-रेक्सची डरकाळी लावतात, त्या आवाजाने घाबरून तो उतारावरून घरंगळतो, पाय मुरगळतो आणि कोंबडीएवढे डायनासोर त्याला संपवतात. ते प्रकरण वाचून मी बराच वेळ गॅलरीत उभा होतो. लहानपणी मला तो माणूस माझ्या आजोबांसारखा वाटायचा. तरीही सिनेमाने त्याला सोडायला नको होतं, असं आता माझं ठाम मत झालंय.

तुमच्यापैकी कुणी दोन्ही केलं असेल, तर सविस्तर लिहा. घाई नाही.

तुर्भे

मी गोदामात स्टॉक सांभाळतो, वीस वर्षं झाली. त्यामुळे पुस्तकातला मोजणीचा प्रसंग मी तीनदा वाचला. बेटावर सेन्सर आणि कॅमेरे लावून प्राणी मोजतात. आकडा दर वेळी २३८, अगदी बरोबर. पार्क तपासायला आलेला गणितज्ञ माल्कम म्हणतो, २३९ शोधायला सांगा. २३९ सापडतात! मग ३०० टाकून बघतात, तर २९२ निघतात. कॉम्प्युटर ठरलेला आकडा भरला की मोजणं थांबवत होता. प्राणी कमी झाले तर कळावं, एवढीच सोय केलेली. सगळ्या माद्याच बनवल्या होत्या, तेव्हा जास्त होतील हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. डायनासोरच्या तुटक्या डीएनएतल्या फटी भरायला बेडकाचा डीएनए वापरला होता, तिथेच घोळ झाला. काही बेडकांत मादीचा नर होऊ शकतो.

आमच्याकडे पूर्वी वर्षअखेरीच्या मोजणीला सिस्टीमचा आकडा कागदावर आधीच छापलेला यायचा. चाळीस लिहिलंय ना, मग पोरगा चाळीस मोजून पुढे. एकदा रॅकच्या मागून सहा खोकी जास्तीची निघाली, मुदत उलटलेल्या मालाची. तेव्हापासून मी मोजणाऱ्याच्या हातात कोरा कागद देतो. पुस्तक त्यानंतर कधीतरी हाती आलं. आडवा पडून वाचत होतो, त्या मोजणीच्या तक्त्याशी आलो आणि उठून बसलो. सिनेमात हा प्रसंग नाही. तिथे डायनासोरचा अभ्यासक ग्रँट याला फुटलेली अंडी दिसतात. पडद्यावर तेच शोभतं, पण मला धडकी भरली ती त्या तक्त्याने.

कळवा

सातवीत होते. सिनेमात हॅमंडची नात लेक्स कॉम्प्युटरसमोर बसते, ही युनिक्स नावाची कॉम्प्युटर सिस्टीम आहे हे ओळखते आणि दाराची कुलपं चालू करते. माझ्याच वयाची पोरगी! आमच्या घरात तोवर कॉम्प्युटर हा दादाचा विषय होता. दहावीनंतर आईपाशी हट्ट धरून स्टेशनजवळचा क्लास लावला आणि आज ऐरोलीत तेच काम करते.

पुस्तक वाचलं तर तिथे हे सगळं तिचा भाऊ टिम करतो. तोच मोठा, ११ वर्षांचा, आणि लेक्स धाकटी, सारखी कुरकुर करणारी. दोन दिवस खरंच वाईट वाटलं. मग लक्षात आलं, सिनेमा करताना ही अदलाबदल कुणाला तरी सुचली, म्हणून मी इथे आहे. आईला फोन करून सांगितलं. तिला सिनेमा आठवत नव्हता, क्लासची फी मात्र अजून पाठ होती.

घणसोली

माझं पुस्तक अजून अर्धंच झालंय, पण मुलाचं सांगते. वय नऊ. सिनेमा बघताना सारखा म्हणत होता, आई, व्हेलॉसिरॅप्टर एवढा नव्हता, टर्कीएवढा होता, आणि त्याला पिसं होती. खरंच आहे ते. सिनेमातला रॅप्टर डायनॉनिकस या त्याच्या मोठ्या नातेवाइकावर बेतलेला आहे. तरी स्वयंपाकघरातल्या प्रसंगाला माझ्या कुशीत शिरलाच. आता त्याच्या डोक्यात राजासॉरस आहे, नर्मदेच्या खोऱ्यातला, २००३ मध्ये नाव मिळालेला आपला डायनासोर. दिवाळीत गुजरातला बालासिनोरजवळ रैयोलीचं जीवाश्म उद्यान बघायला जायचं ठरवलंय. कुणी मुलांना घेऊन जाऊन आलं असेल, तर राहायला कुठे बरं पडतं ते सांगा.