आसिया जेबार यांनी फ्रेंचमध्ये लिहिलं, यात गैर काय?

माळरान
आमच्या वाचनगटात परवा आसिया जेबार (१९३६–२०१५) यांच्यावरून चांगलीच जुंपली. ज्या फ्रान्सने १८३० ते १९६२ अल्जीरिया दाबून ठेवला, त्याच्याच भाषेत ही अल्जीरियन बाई आयुष्यभर कादंबऱ्या लिहिते, आणि २००५ साली फ्रेंच भाषेची राखण करणाऱ्या फ्रेंच अकादमीवर निवडूनही जाते. ही शरणागती नाही तर काय, असा सूर निघाला. मला तो मुळीच मान्य नाही.

त्यांच्या 'लामूर, ला फान्तासिया' (१९८५) या कादंबरीतलं, अल्जीरियातल्या दाहरा या डोंगराळ भागातल्या गुहांचं प्रकरण वाचा. जून १८४५ मध्ये उलाद रिआह जमात बायकापोरं आणि गुरांसकट गुहांत लपली होती. फ्रेंच लष्कराच्या कर्नल पेलिसिएने गुहांच्या तोंडाशी जाळ पेटवून शेकडो माणसं धुराने गुदमरवून मारली. जेबार मुळात इतिहासाच्या अभ्यासक. त्यांनी हे सगळं धुंडाळलं ते फ्रेंच अधिकाऱ्यांच्याच अहवालांतून आणि पत्रांतून. पेलिसिएचा अहवाल इतका उघड होता की पॅरिसमध्ये गदारोळ झाला. दोनच महिन्यांनी सेंतार्नो नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याने तेच केलं, पण बोभाटा होऊ दिला नाही. म्हणून जेबार लिहितात की पेलिसिएचे जवळजवळ आभारच मानावेसे वाटतात. त्याने निदान लिहून तरी ठेवलं. मारणाऱ्याच्या दप्तरातून मेलेल्यांचा माग काढायचा तर त्याची भाषा त्याच्याहून चांगली यायला हवी. जेबार यांना ती यायची.

रानवारा
असहमत. माग काढला, पण सांगितला कोणाला? स्वातंत्र्य मिळालं तेव्हा अल्जीरियातल्या बहुतेक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. ज्यांच्या पणज्या त्या गुहेत मेल्या, त्यांच्या हातात हे पुस्तक पडलं असेल का? अल्जीरियन लेखक कातेब यासीन यांची 'नेजमा' (१९५६) ही कादंबरी फ्रेंचमध्ये गाजली, तरी सत्तरच्या दशकात ते बोली अरबीतल्या नाटकांकडे वळले, नाटकमंडळी घेऊन फिरले. म्हणजे वाट होती. जेबार यांनी मात्र इतिहास अरबीतून शिकवायचं ठरल्यावर १९६५ मध्ये अल्जिएर्स विद्यापीठ सोडलं. तिथे माझी सहानुभूती संपते.

शेवंती
रानवारा, अरबी म्हणजे कोणती? सरकारने आणली ती ग्रंथातली, व्यासपीठावरची. जेबार यांच्या घरी शेर्शेल या त्यांच्या गावची बोली अरबी, आणि आईकडची मुळं डोंगरातल्या बर्बर लोकांत, ज्यांची भाषाच वेगळी. 'आपली भाषा' म्हणताना यातली कुठली धरायची ते आधी सांगा.

आणि 'लामूर, ला फान्तासिया'तलाच एक प्रसंग. जेबार यांचे वडील फ्रेंच शाळेत मास्तर. बाहेरगावी गेले असताना त्यांनी घरी पोस्टकार्ड धाडलं आणि पत्त्यात चक्क बायकोचं नाव घातलं. नवऱ्याने बायकोचं नाव घ्यायचं नाही, बायकोनेही नवऱ्याला 'ते' म्हणायचं, असा तिथला रिवाज. नात्यातल्या बायका हादरल्या. पोस्टमनने नाव वाचलं असणार की! आणि आई? फ्रेंच शिकता शिकता, आधी अडखळत, तीही नवऱ्याचा उल्लेख नावाने करू लागली. ज्यांच्या आजीने उखाण्यापलीकडे कधी आजोबांचं नाव घेतलं नाही, त्यांना हे किती मोठं आहे ते सांगायला नको. फ्रेंचने त्या घरात एका बाईला मोकळीक दिली, हेही खरंच आहे.

रानवारा
आईला मोकळीक मिळाली, मान्य. पण मुलीला एका मुलाचं पत्र आलं तेव्हा त्याच वडिलांनी ते संतापून फाडून टाकलं, हेही त्याच पुस्तकात आहे. ते पत्रही फ्रेंचमध्येच होतं. भाषा आली म्हणून घरातला धाक गेला नाही. प्रेमाचं बोलणं आपल्याला फ्रेंचमध्ये साधत नाही, हे तर जेबार स्वतःच लिहितात. खुद्द लेखिकेला जी भाषा पुरी पडत नव्हती, तिची एवढी वकिली कशाला?

चित्रकथी
पुरी पडत नव्हती म्हणूनच त्या थांबल्या! १९६७ च्या चौथ्या कादंबरीनंतर थेट १९८० मध्ये त्यांचं कथांचं पुस्तक आलं. मधल्या काळात त्यांनी अल्जीरियाच्या सरकारी टीव्हीसाठी 'ला नूबा' हा चित्रपट केला. त्यात शेर्शेलजवळच्या शेनुआ डोंगरातल्या बायका स्वातंत्र्ययुद्धात काय सोसलं ते आपल्या तोंडाने सांगतात. १९७९ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याला समीक्षकांचं पारितोषिक मिळालं. अक्षरओळख नसलेल्या बाईपर्यंत पोचायचा हा रस्ता कातेबच्या रस्त्यापेक्षा कमी कसा? आणि १९८५ च्या कादंबरीत त्याच डोंगरातल्या बायका पुन्हा बोलतात.

पारंबी
माझा आक्षेप भाषेला नाही, अकादमीला आहे. फेब्रुवारी २००५ मध्ये फ्रान्सच्या संसदेने कायदा केला की शाळांनी वसाहतींतल्या, विशेषतः उत्तर आफ्रिकेतल्या, फ्रेंच राजवटीची 'सकारात्मक भूमिका' शिकवावी. पुढे ते कलम रद्द झालं, पण जेबार निवडून आल्या त्या जूनमध्ये ते लागू होतं. दाहराबद्दल लिहिणाऱ्या बाईने तेव्हा नकार कळवायला हवा होता.

माळरान
पारंबी, जून २००६ मधलं त्यांचं स्वागताचं भाषण बघा. अकादमीच्या सभासदांसमोर उभं राहून वसाहतवाद ही प्रचंड जखम आहे, असं त्या म्हणाल्या. नकार दिला असता तर हे त्या मंडळींच्या तोंडावर ऐकवायची संधी गेली असती. मला हीच जास्त हिंमत वाटते.

शेवंती
रानवारा, अब्देलकादेर अलुलांचं काय? ते नाटकं बोली अरबीत लिहायचे, तरी मार्च १९९४ मध्ये अल्जीरियातल्या ओरान शहरात कट्टर इस्लामवाद्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. अशा गमावलेल्या मित्रांसाठी जेबार यांनी पुढे एक अख्खं पुस्तक लिहिलं. बोली अरबीने अलुलांना वाचवलं नाही. मग जेबार यांच्या फ्रेंचकडे एवढं बोट का?

रानवारा
अलुला माझ्याच बाजूचे साक्षीदार आहेत. ते लोकांना कळेल असं बोलत होते, म्हणूनच मारणाऱ्यांना खुपले. चित्रपटाचा मुद्दा मात्र वजनदार आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण कादंबऱ्यांबद्दल मत बदललेलं नाही. शेर्शेलच्या शाळेतल्या मुलीला दाहराचं ते प्रकरण अरबीत आणि बर्बरमध्ये वाचायला मिळायला हवं, फ्रेंच शिकायची वाट न बघता. माझा हट्ट तेवढाच आहे आणि तो मी सोडणार नाही.