कायकौरा: देवमाशांच्या पलीकडे

न्यूझीलंडच्या कायकौरा या किनाऱ्यावरच्या गावात स्पर्म व्हेल हे देवमासे किनाऱ्याच्या इतक्या जवळ कसे दिसतात? उत्तर समुद्राच्या तळाशी आहे: हजार मीटरहून खोल अशी सागरी दरी तिथे जवळजवळ किनाऱ्याला भिडते, त्यामुळे खोल पाण्यातलं खाद्य हाकेच्या अंतरावर.

मला मात्र तिथला हटन्स शिअरवॉटर हा पक्षी जास्त भावतो. आहे समुद्रपक्षी, पण घरटी डोंगरात, १२०० मीटरच्याही वर, चक्क बिळांत! पिल्लं पहिल्यांदा समुद्राकडे झेपावतात तेव्हा गावातल्या दिव्यांना भुलून रस्त्यावर उतरतात. सपाटीवरून पुन्हा उडणं त्यांना जमत नाही, मग गावकरीच ती उचलून वाचवतात.

बाकी २०१६च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपात तिथला किनाराच वर उचलला गेला, पाण्याखालचे खडक उघडे पडले.