मदत हवी आहे: नवरा सोडून दुसरा दुभाषी कसा मिळवू?

निर्वासितांच्या छावणीत गरोदर बायकांची तपासणी करते. सातव्या महिन्यातली एक जण. बीपीचा पट्टा बांधताना दंडावर बोटांचे वळ दिसले. दुभाषी म्हणून नवराच सोबत. प्रश्न तिला, उत्तर त्याचं! लघवी तपासायच्या निमित्ताने तिला एकटीला आत नेलं, पण भाषेचीच अडचण. वस्तीतली बाई नको, संध्याकाळपर्यंत बातमी घरी पोचते. पत्रक दिलं तर त्याच्याच हाती पडणार. डब्ल्यूएचओची (जागतिक आरोग्य संघटना) २०१३ ची मार्गदर्शिका नवऱ्याच्या मारहाणीबद्दल एकांतातच विचारा म्हणते, ते पाळतेय. नोंदणीचे कागद नवऱ्याकडे असतात. यूएनएचसीआरकडे (संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था) बाईची स्वतंत्र नोंद होऊ शकते, हेही तिला सांगायचंय. फोनवरचा दुभाषी कुणी वापरलाय का? नवऱ्याला संशय न येता पहिला प्रश्न कसा विचारलात?