मदत हवी आहे: वर्षाचा गहू थेट शेतकऱ्याकडून घेण्यासाठी

सर्वांना सप्रेम नमस्कार. इंदूरच्या लोकमान्य नगरातील आम्ही काही कुटुंबांनी येत्या चैत्रात वर्षभराचा मालवी गहू देपालपूरकडच्या शेतकऱ्यांकडून थेट विकत घेण्याचे ठरवले आहे. बाफल्यांना (उकडून मग भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांना) आणि रव्याला लागणारा हा कठीण, अंबरी दाण्याचा गहू कमी पाण्यावर येतो. पण शहरातली घरे पिशवीबंद आट्याकडे वळली की तो पेरण्याचे कारणच उरत नाही, आणि आपण घरी काय दळतो यावर शेतात काय पेरले जाईल हे काही अंशी ठरते, असे मला मनापासून वाटते.

जपानमध्ये १९७०च्या दशकात रुजलेल्या ‘तेइकेई’ पद्धतीत ग्राहक आणि शेतकरी थेट करार करून नफ्याबरोबर जोखीमही वाटून घेतात. आमची अडचण नेमकी इथेच आहे. पेरणीच्या वेळी आगाऊ रक्कम द्यायची, तर ती किती असावी? कापणीच्या तोंडावर गारपीट होऊन दाणा काळवंडला, तर नुकसान कोणी सोसायचे? भाव मंडीच्या दराशी बांधावा की आधीच पक्का करावा?

शिवाय, किमान ५ शेतकऱ्यांच्या गटाला मिळणारे ‘पीजीएस-इंडिया’ हे सेंद्रिय शेतीचे प्रमाणपत्र कोणी घेतले असल्यास, त्यातील परस्पर-तपासणी प्रत्यक्षात कशी चालते, हेही कृपया सविस्तर कळवावे. साठवणुकीची चिंता नाही. कोठ्या आणि कडुनिंबाचा पाला घरोघरी आहे. कराराचा एखादा मराठी किंवा हिंदी नमुना मिळाल्यास फार उपकार होतील.