बाबांचा ट्रान्सप्लांट झाला, काउंट चांगले पण अंगात त्राणच नाही

सोलापूरकर: बाबांना (वय ६१) मायलोमा म्हणजे रक्ताचा कॅन्सर, ऑटोलॉगस ट्रान्सप्लांट (स्वतःच्याच मूळ पेशी परत देतात तो) होऊन दीड महिना झाला, आता घरी आहेत. पांढऱ्या पेशी, प्लेटलेट वर आल्यात, पण माणूस नुसता पडून असतो, बाथरूमला जाऊन आले तरी धाप लागते आणि जेवायला बसवलं की भांडण, वरणात मीठच नाही म्हणतात, आई मीठ वाढवून वाढवून थकली. हे नॉर्मल आहे का? त्यात गणपतीला सगळे भाऊबंद येणार म्हणतायत, नाही कसं म्हणायचं?

मंजिरी_क: ट्रान्सप्लांटआधी मेलफॅलन ही केमो दिली असणार, तिने तोंडाची पार वाट लागते, चव यायला दोन-तीन महिने जातात. मीठ वाढवू नका, लिंबू पिळून बघा, तोंड आलेलं नसेल तर. आमच्या ह्यांना स्टीलच्या चमच्याने सगळंच लोखंडासारखं लागायचं, प्लॅस्टिकचा दिला तेव्हा कुठे मुगाची खिचडी गेली पोटात. थकवा तीन ते सहा महिने धरूनच चाला.

बाब्या७८: थकवा ठीक, पण धाप लागते हे डॉक्टरांना सांगा, हिमोग्लोबिन बघतील. आणि ताप १००.४ च्या वर गेला तर क्रोसिन देऊन वाट बघत बसायचं नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटलला फोन. असायक्लोव्हिरची गोळी चालू असेल तर मनाने बंद करू नका, नागीण उठते.

शुभा_नाशिक: माझ्या भावाला बहिणीच्या पेशी दिलेल्या, त्याला अंगावर पुरळ आणि जुलाब सुरू झाले होते, जीव्हीएचडी म्हणाले, म्हणजे दिलेल्या पेशी त्याच्याच शरीरावर उलटल्या. जपा हो.

बाब्या७८: ताई, ते दुसऱ्याच्या पेशी दिल्या की होतं. ह्यांना स्वतःच्याच दिल्यात, उगाच घाबरवू नका. ह्यांना भीती इन्फेक्शनची. लहानपणीच्या लसी पण परत घ्याव्या लागतात, साधारण सहा महिन्यांनंतर सुरू करतात, गोवरची जिवंत लस मात्र दोन वर्षं तरी नाही. शेजारी बांधकाम चालू असेल तर खिडक्या बंद ठेवा, त्या धुळीतली बुरशी फुप्फुसात जाते.

सोलापूरकर: हिमोग्लोबिन ८.४ निघालं, डॉक्टर म्हणाले हळूहळू वाढेल, आठवड्याने परत तपासू. चमचा बदलला, आज अर्धी वाटी खिचडी गेली. काकांना फोन करून सगळं समजावलं तर म्हणतात बरं मग आम्ही मास्क लावून येतो 😑

मंजिरी_क: येऊ देत, बाहेर ओट्यावर बसवा, चहा तिथेच द्या. आणि ज्याला सर्दी असेल त्याने फोनवरच बोलायचं, हे तुम्ही नाही, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून सांगा.