मुक्कामाच्या दिवशी पेठांतून पायीच

सायकल टूरमध्ये पुण्याला एक दिवस थांबायचंय, तर सिंहगड सायकलने करावा का, असं एकाने विचारलंय. नकोच! पायांना खरी सुट्टी द्या आणि सकाळी लवकर पेठांत चालत निघा. शनिवारवाड्यातला मुख्य महाल १८२८च्या आगीत गेला, पण दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवरचे हत्तींना रोखणारे अणकुचीदार खिळे अगदी जवळून बघा. तिथून कसबा गणपती, मग विश्रामबाग वाडा. त्याच्या दर्शनी बाजूचं कोरीव लाकूडकाम, ते सुरूदार (सुरूच्या झाडाच्या आकाराचे) खांब, मला शनिवारवाड्याहून जास्त आवडतात. केळकर संग्रहालयात दिवे आणि अडकित्ते बघण्यातच दोन तास जातात. दुपारी मात्र झोप काढा. दुसऱ्या दिवशी साताऱ्याकडे निघणार असाल, तर जुन्या कात्रज घाटाने जा. हायवेवर ट्रकची वर्दळ फार.