धक्का तोच, कामे बदललेली : वेंगुर्ला, कारवार आणि भाऊचा धक्का

टिळकवाडी, बेळगाव (धाग्याची सुरुवात)

बेळगाव घाटमाथ्यावर, समुद्रापासून दूर असले तरी इथल्या अनेक घरांचा संसार एके काळी धक्क्यावर चढणाऱ्या-उतरणाऱ्या मालावर चालत होता. छावणीचे सामान वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरे आणि आंबोलीच्या घाटाने वर येई. इकडचा माल त्याच वाटेने खाली जाऊन मुंबईला रवाना होई. १८८० च्या दशकात बेळगावात रेल्वे आली, गोव्यातल्या मुरगाव बंदराचा लोहमार्गही सुरू झाला, आणि वेंगुर्ल्याचा तो व्यापार ओसरला. या वाटेचे मुंबईकडचे टोक म्हणजे भाऊचा धक्का. भाऊ अजिंक्य यांनी १८४१ मध्ये बांधलेला मूळ धक्का आजच्या जागी नव्हता. भराव पडत गेले, १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाल्यानंतर प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या गोद्या उभ्या राहिल्या, किनारा पुढे सरकला आणि भाऊंचे नाव माझगावजवळच्या नव्या धक्क्याला मिळाले.

आपल्या घरातल्या कोणी कोणता धक्का कशासाठी वापरला आणि आज तिथे काय चालते, ते कृपया सविस्तर लिहावे. नुसती सूर्यास्ताची वर्णने नकोत. तिथे कोण काय काम करत होते, माल कोणता होता, माणसे कुठून कुठे जात होती, हे हवे आहे. कारण ते सांगणारी पिढी आता थकली आहे.

शहापूर, बेळगाव

आमचे खापरपणजोबा बैलगाडीवाले होते, एवढेच घरात सांगितले जाते. बेळगावहून वेंगुर्ल्याला माल पोचवायचा आणि परतीच्या फेरीत मीठ, नारळ, सुकी मासळी भरून आणायची. घाट उतरताना चाकाला लाकडी ओंडका बांधून गाडी आवरत, हे मी आजोबांच्या तोंडून ऐकले आहे. रेल्वे आल्यावर त्यांच्या पुढच्या पिढीने बैल विकले आणि शहापुरात किराणा मालाचे दुकान घातले.

आज्जीची गोष्ट मात्र मला जवळून ठाऊक आहे. तिचे माहेर वेंगुर्ल्याजवळचे आणि तिचे थोरले भाऊ परळला गिरणीत कामाला, त्यामुळे साठच्या दशकात ती मुंबईला जाताना आगगाडीऐवजी आधी माहेरी उतरून मग बोटीने जात असे. वेंगुर्ल्याला मोठी बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि धक्क्यावरून पडावात, म्हणजे लहान होडीत, बसून तिच्यापर्यंत जावे लागे. पडाव लाटेवर वर आला की खलाशी बाईमाणसांना दंडाला धरून शिडीवर चढवत, मुले हातोहात वर दिली जात आणि वळकट्या, फणस, आंब्याच्या करंड्या मागाहून येत. डेकवर जागा धरण्यासाठी प्रत्येक घरातला एक जण आधी धावे आणि सतरंजी पसरून बसे. "पोटात ढवळायला लागलं की खाली बघू नको, लांब बघ," हे आज्जीचे सांगणे आम्हाला पुढे घाटातल्या एसटीतही उपयोगी पडले. रत्नागिरी, जयगड, दाभोळ, हर्णै करत बोट दुसऱ्या दिवशी भाऊच्या धक्क्याला लागे. तिथे उतरायला फळी असे. आज्जीला त्या फळीचे फार अप्रूप वाटे, कारण मुंबईत माणसाला जमिनीवरून सरळ चालत बोटीत जाता-येता येते, ही तिच्या मते खरी शहराची खूण होती.

पावसाळ्यात ही बोट बंद असायची, म्हणून आज्जीची मुंबईवारी कायम दिवाळीनंतर. पुढे कोकणातले रस्ते सुधारले, एसटी गावोगाव पोचली आणि बोटीचे प्रवासी कमी होत गेले. आता वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर मासेमारीच्या होड्या आहेत आणि सुट्टीच्या दिवशी पर्यटक. नवाबागेचा झुलता पूल पाहायला आमच्या गल्लीतलीच कितीतरी मंडळी जातात. ज्या वाटेने आमच्या पणज्यांचा माल गेला, तिथे आपण फिरायला जातो, याचे मला वाईट वाटत नाही. मात्र तिथे त्या बंदराचा इतिहास सांगणारा एक चांगला फलक असावा, असे मनापासून वाटते.

टिळकवाडी, बेळगाव

शहापूरच्या ताईंनी पडावाचे वर्णन केले म्हणून आठवण करून देतो की या जलप्रवासाची दुसरी बाजूही होती. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या रेवसला निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. स्वातंत्र्य महिन्याभरावर आले असताना कोकणातल्या गावागावांत सुतक होते. धक्क्याचा इतिहास लिहिताना केवळ मालाचा आणि नफ्याचा हिशेब पुरत नाही, या माणसांचाही उल्लेख झाला पाहिजे.

खानापूर तालुका

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत कामाला होते आणि आमच्या गावच्या गाळ्यात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक खोलीत, राहत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पहिले काही महिने सगळ्यांनी धीर धरला, मग एकेक जण गावी परतला किंवा मिळेल त्या कामाला लागला. वडील भाऊच्या धक्क्यावर बर्फाच्या कामाला लागले. बंदर म्हणजे बोटीने प्रवास, असे समजणाऱ्यांनी पहाटे तिथे जाऊन पाहावे. प्रवासी लाँच सुटण्याच्या कितीतरी आधी मासेमारीच्या बोटी लागलेल्या असतात आणि माणसांना पाय ठेवायला जागा नसते.

शाळेच्या सुट्टीत मी वडिलांबरोबर गेलो होतो. बर्फाची लादी लोखंडी आकड्याने ओढत आणायची, दळायच्या यंत्रात लोटायची, खाली पडणारा चुरा फावड्याने पाट्यांत भरायचा आणि बोटीवर द्यायचा. लादी निसटली तर पायाचे बोट गेलेच म्हणून समजा. वडिलांच्या हातांना गिरणीत धाग्याने पडलेले बारीक चर होते, त्यांवर या कामाने भेगा पडल्या. शेजारीच कोळणी लिलावाला उभ्या असत. बोली इतक्या झपाट्याने चाले की मला आकडे कळत नसत, पण कोणाचा माल कोणाकडे गेला याबद्दल तिथे कोणाचाही घोळ होत नसे. सुरमई, पापलेट, कोळंबी यांचे वेगवेगळे ढीग लागत आणि उजाडेपर्यंत त्यातले बरेचसे टेम्पोत भरून निघून गेलेले असे.

पावसाळ्यात मासेमारी बंद असली की धक्क्यावरचे काम आटत असे, तेव्हा वडील गावी येत. नेमकी तीच आमच्याकडे भाताच्या लावणीची वेळ. संपाने घर उद्ध्वस्त केले, हे खरे आहे. पण लावणीला वडील घरी असण्याचा योग गिरणीच्या काळात कधी आला नव्हता, तो धक्क्याने दिला. भाऊच्या धक्क्याबद्दल लिहिताना प्रवाशांच्या आठवणी पुष्कळ येतात. बर्फवाले, हमाल, जाळी शिवणारे यांच्या फार कमी. म्हणून मुद्दाम लिहिले.

निपाणी

माझे मामा उरणला नोकरीला होते. तिथल्या मोरा बंदरावरून लाँच पकडून ते भाऊच्या धक्क्याला येत आणि आम्हाला दादर स्थानकावर उतरवून घेत. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल पोचली आणि शिवडीहून न्हावा-शेव्याचा अटल सेतूही सुरू झाला. त्यामुळे या लाँचचे महत्त्व कमी होणार, असे अनेक जण म्हणतात. मोरा गावातल्या माणसाला मात्र लाँच अजूनही दारातली सोय आहे, म्हणून ती चालू राहावी.

हिंदवाडी, बेळगाव

मुलगी नोकरीनिमित्त मुंबईत स्थायिक झाल्यामुळे माझा या धक्क्याशी परिचय अगदी अलीकडचा. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही मोटारीही वाहून नेणारी रो-रो बोटसेवा सुरू झाली. आम्ही अलिबागला जाताना तिनेच जातो. गाडी खालच्या मजल्यावर लावायची, हँडब्रेक ओढायचा आणि जिन्याने वर यायचे; रस्त्याने पनवेल, पेण करत तीन-चार तास मोडतात, ते अंतर तासाभरात पार होते. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. ही मोठी बोट हवामान बरे असेल तर तेव्हाही चालते. शहापूरच्या ताईंच्या आज्जींचे वाचून वाटले, की त्यांनी वळकटी डोक्यावर घेऊन केलेल्या प्रवासाची जागा आता मोटारींनी घेतली आहे.

ही सोय मला फार आवडते. पण एक गोष्ट खटकते. वातानुकूलित प्रतीक्षागृह मोटारवाल्यांसाठी आणि पर्यटकांसाठी बांधले जाते. टोपली घेऊन रेवसला निघालेली बाई मात्र उन्हात उभी असते. नवे बांधताना दोघांना एकाच छपराखाली बसवणे अवघड नाही, फक्त तसे आराखड्यातच ठरवावे लागते.

कोडीबाग, कारवार

आमचे कारवार बेळगावच्या चर्चेत नेहमी शेवटी येते, म्हणून सविस्तर लिहितो. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६० च्या दशकात इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला आणि धारवाड भागातला कापूस बाहेर नेण्यासाठी इंग्रजांचे लक्ष कारवारच्या बंदराकडे गेले. १८६२ मध्ये आमचा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला, त्यामागे हे बंदर होते. युद्ध संपल्यावर कापसाचा भाव उतरला आणि पुढे रेल्वे दुसरीकडून गेली. आजोबांच्या वेळी कारवारहून मुंबईला बोट होती. शिकायला आणि नोकरीला माणसे तिनेच गेली.

पुढे याच बंदरातून लोहखनिज जाऊ लागले. धक्क्याकडे जाणारे रस्ते, झाडांची पाने, घरांचे कठडे, सगळे तांबड्या धुळीने माखलेले असे. २०१० मध्ये राज्य सरकारने निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा ट्रकवाल्यांचे हप्ते थकले आणि आमच्या खिडक्या उघडल्या, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या. दक्षिणेकडे नौदलाचा तळ झाला, त्यासाठी मच्छीमारांची गावे उठली. त्यामुळेच २०२० च्या जानेवारीत बंदराचा विस्तार टागोर किनाऱ्याकडे करण्याचे काम सुरू होताच शहर रस्त्यावर आले. रांपण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढायला आणि होड्या वर घ्यायला शहरालगत तेवढाच किनारा उरला आहे, हे बाहेरच्या माणसाला नकाशावर दिसत नाही.

मी बंदराच्या विरोधात नाही. माझ्या भावाचा रोजगार बंदरावरच चालतो. माल येवो, जावो. परंतु बंदरालगतच्या बैतखोलच्या मच्छीमारांची जागा आधी आखून घ्यावी आणि उरलेल्या जागेत धक्का वाढवावा, हा क्रम उलटा होऊ नये.

टिळकवाडी, बेळगाव

कोडीबागच्या दादांचा क्रमाचा मुद्दा आणि हिंदवाडीच्या वहिनींचा छपराचा मुद्दा मला एकाच प्रश्नाच्या दोन बाजू वाटतात, त्यावर जाणकारांनी अवश्य लिहावे. शिवाय कारवारजवळ काळी नदीवर पूल होण्यापूर्वी कोडीबाग ते पलीकडच्या सदाशिवगडापर्यंत तरीने (होडीने) ये-जा केलेले कोणी असेल, तर त्यांचाही अनुभव यावा. घरात बोटीचे तिकीट, मालाची पावती किंवा धक्क्यावर काढलेले छायाचित्र सापडले तर त्यावरील साल आणि बंदराचे नाव अचूक उतरवून द्यावे.